अकरावा प्रश्न

“सर, अकरावा प्रश्न कुठं गेला?”

छातीवर ‘तस्लीम जमादार, तंत्रज्ञ’ अशी पट्टी लावलेल्या त्या तरुण बाईंनी माझा कागद खिडकीच्या उजेडात धरला, उलटा केला, मागची कोरी बाजू निरखली आणि पुन्हा सुलटा केला.

“तो कुठे गेलेला नाही,” मी म्हणालो, “तो मी काढला.”

“काढला म्हंजे?”

“गाळला. त्याच्या आधीच्या प्रश्नात जे विचारले होते, तेच त्यात निराळ्या शब्दांनी विचारलेले होते. अशा दोषाला पुनरुक्ती म्हणतात.”

“आणि बारावा? तेरावा?”

“तेही. मूळचे अठरा प्रश्न मी सहा वाक्यांत बसवले आहेत. अर्थाची काडीमात्र हानी झालेली नाही. आपण पडताळून पाहावे.”

तस्लीमबाईंनी माझ्याकडे पाहिले, मग माझ्या शेजारी बसलेल्या माझ्या पत्नीकडे पाहिले. पत्नीने पदर सारखा केला आणि अतिशय सौम्य आवाजात, वर्षानुवर्षे शेजाऱ्यांची, रिक्षावाल्यांची आणि दुकानदारांची समजूत घालताना वापरलेले वाक्य उच्चारले.

“ते असेच आहेत, बाई. मनाचे वाईट नाहीत.”

ही गोष्ट सन दोन हजार नऊच्या मार्च महिन्यातील, मिरजेतील एका तपासणी केंद्रातील आहे. मी, श्रीपाल मगदूम, त्या वेळी सत्तावन्न वर्षांचा होतो आणि जयसिंगपूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवत होतो. निवृत्तीला दीड महिना उरला होता. जानेवारीत माझ्या डाव्या कानात रहाटासारखा आवाज सुरू झाला, फेब्रुवारीत त्या कानाने ऐकू येणे जवळपास थांबले, आणि एके दिवशी फळ्यावर लिहिता लिहिता माझा तोल असा गेला, की मुलांनी मला धरले नसते तर एक वाक्य कायमचे अपुरे राहिले असते. कानाच्या डॉक्टरांनी सांगितले, की ऐकण्याच्या नसेवर गाठ असण्याचा संभव आहे. गाठ असल्यास कवटी उघडावी लागेल. आणि ती आहे की नाही हे एमआरआय काढल्यावाचून कळणार नाही. नंबर एकोणीस दिवसांनी लागला. त्या एकोणीस दिवसांत पद्माने, म्हणजे माझ्या पत्नीने, मला भीतीचा एक शब्दही ऐकवला नाही. तिने फक्त गूळ सोडला. निकाल चांगला लागेपर्यंत गुळाचा खडा तोंडात घालणार नाही, असा नियम तिने बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, जाऊन घेतला; आणि ज्या बाईला गुळावाचून चहाही उतरत नसे, ती एकोणीस दिवस कोरडे तोंड करून माझ्यासमोर बसत होती.

तपासणीच्या आदल्या दिवशी केंद्रातून एक दोन पानी पत्रक घरी आले. ‘घरूनच भरून आणा, म्हणजे वेळ वाचेल,’ असा निरोप होता. त्या पत्रकाविषयी मी आज सौम्य शब्दांत एवढेच म्हणेन, की ते लिहिणाऱ्याला वाक्य सुरू करता येत होते. शंभर वर्षांपूर्वीच्या निबंधकारांचे भारदस्त, घाटदार, एकेक शब्द तोलून ठेवलेले गद्य ज्याने जन्मभर वाचले आणि शिकवले, त्याच्या हाती ‘शरीरात लोखंड आहे काय’, ‘शरीरात स्टील आहे काय’, ‘शरीरात तार, खिळा, पट्टी आहे काय’ अशी रांगच्या रांग पडल्यावर त्याने काय करावे? मी दुपारी जेवण होताच नवा कागद घेतला, समास आखला आणि सगळा मजकूर नव्याने रचला. त्यातील दुसरे वाक्य, ‘जन्मतः नसलेला, तथापि शस्त्रक्रियेने, अपघाताने वा हौसेने प्राप्त झालेला कोणताही धातू आपल्या देही वसत आहे काय?’ हे मला आजही वाईट वाटत नाही.

अकराव्या प्रश्नाशी माझा पेन जरासा रेंगाळला, हे मात्र मी येथे नमूद करून ठेवतो.

मी हे लिहीत असताना पद्मा पलीकडे सुईदोरा घेऊन बसली होती. तिने पत्रकाची दुसरी बाजू, म्हणजे ‘काय घालून येऊ नये’ ही यादी, एकदाच वाचली होती. माझ्या बंडीची टिचबटणे तिने उसवून काढली आणि त्या जागी कापडाचे बंद शिवले. पायजम्याच्या नाडीला टोकाशी पत्र्याची टोपी होती, ती कापून टाकली. उद्या स्वतःही आत यावे लागले तर म्हणून आपल्या पोलक्याचे हूकही तिने काढले. मी सहा वाक्ये केली तेवढ्या वेळात तिने दोन माणसे निर्धातुक केली.

“हे फाईलला लागत नाही, सर,” तस्लीमबाई माझा कागद बाजूला ठेवत म्हणाल्या. “छापील पत्रकच लागतं. मी विचारते, तुम्ही हो की नाही तेवढं सांगा.”

“परंतु माझ्या तिसऱ्या वाक्यात–”

“छान आहे वाक्य. घरी लावा फ्रेम करून. आता आधी अंगावरचं सगळं काढून ह्या ट्रेमध्ये ठेवा.”

मी घड्याळ, चष्मा, पेन आणि किल्ल्या ठेवल्या. पाकीट ठेवताना त्यातून एक टाचणी निघाली.

“टाचणी कशाला पाकिटात?”

“वाचताना खूण करावयास.”

“आणि ही शाल?”

“आतमध्ये गारठा असतो असे ऐकले. ही मला वाङ्मय मंडळाने–”

“जरीकाठ आहे. जर तापते आत, कातडी भाजते. काढा.”

“आपण या शालीला–”

“सर, मंडळाला सांगा पुढल्या वेळेला सुती द्या म्हणून.”

पद्माने पिशवीतून एक साधी सुती चादर काढून पुढे केली. तस्लीमबाईंनी तिच्याकडे असे पाहिले, जणू त्या खोलीत त्यांना प्रथमच एक सहकारी भेटला होता.

मग प्रश्न सुरू झाले.

“छातीत पेसमेकर बसवलाय?”

“नाही.”

“हृदयाचं ऑपरेशन? झडप, स्प्रिंग, काही?”

“ज्याच्या छातीत काहीच बसवलेले नाही, त्याच्या–”

“हो की नाही?”

“नाही.”

“डोक्याचं ऑपरेशन? क्लिप बसवलीय?”

“नाही. अद्याप तरी.”

पद्माचा हात माझ्या बाहीवर आला आणि तेथेच राहिला.

“पाचवा बायकांसाठी आहे. तो सोडते.”

“थांबा,” मी म्हणालो. “म्हणजे प्रश्न गाळण्याचा अधिकार आपल्याला आहे, आणि मला नाही?”

तस्लीमबाईंनी पेन खाली ठेवला.

“बरं. विचारते. गरोदर आहात का?”

“नाही.”

पद्माने पदर तोंडाशी नेला. तिचे खांदे हलत होते. एकोणीस दिवसांत ती प्रथमच हसत होती, त्यामुळे मी तो मुद्दा पुढे ताणला नाही.

खोटे दात, श्रवणयंत्र, हाडात पट्टी, बंदुकीची गोळी, छर्रा. मी नाही, नाही, नाही म्हणत गेलो. दहाव्या प्रश्नाला, ‘अंगात कुठंही धातूचा तुकडा आहे का?’ या प्रश्नालाही मी नाही म्हणालो, आणि लगेच म्हणालो, “आता आपण बाराव्याकडे वळू.”

“अकरावा,” तस्लीमबाई म्हणाल्या. “लेथ, ग्राइंडर, वेल्डिंग, असलं लोखंडाचं काम कधी केलंय का? एकदा जरी? आणि तेव्हा डोळ्यात कण गेला होता का?”

“मी मराठीचा अध्यापक आहे.”

“ते कळलं, सर. पण काम केलंय का?”

“माझे उत्तर मी दिले आहे.”

“काय दिलं?”

“मराठीचा अध्यापक आहे, हे.”

“अहो, नाही म्हणा की सरळ,” पद्मा म्हणाली. “बाईंचा खोळंबा होतोय. बाहेर चार माणसं बसलीत.”

मी नाही म्हणालो नाही. तस्लीमबाईंनी अकराव्यासमोर एक टिंब काढले, बारा ते अठरा प्रश्न भराभर विचारून घेतले, आणि पेनचे टोक पुन्हा त्या टिंबावर आणून ठेवले.

“आता हे राहिलं.”

“त्यावाचून काही अडणार आहे काय?”

“सर, इकडं या.” त्या मला काचेपाशी घेऊन गेल्या. पलीकडच्या खोलीत ते पांढरे, गोल, भल्या मोठ्या जात्यासारखे यंत्र शांत उभे होते. “हे आत्ता चालू आहे का बंद?”

“बंद दिसते.”

“दिसतंय बंद. हे चुंबक कधीच बंद नसतंय. रात्री नाही, सुट्टीला नाही, लाईट गेली तरी नाही. मागल्या वर्षी झाडणाऱ्या मावशी चुकून लोखंडी सुपडी घेऊन दारात आल्या. सुपडी हातातनं सुटली, उडून त्या भोकात जाऊन बसली. तिघांनी ओढली तरी हलंना. नशीब आत पेशंट नव्हता. डोळ्यात बारका कण राहिलेला असला ना, वर्षानुवर्षं दुखत नाही, खुपत नाही, माणूस विसरून जातो. आणि आत नेलं की तो जागेवर फिरतो. सुरीसारखा. नजर गेली की परत येत नाही, सर. म्हणून एकच गोष्ट तीन तीन वेळा विचारतो आम्ही. पहिल्यांदा विचारलं की माणूस नाही म्हणतोच. तिसऱ्यांदा त्याला आठवतं.”

त्या खोलीत यंत्रासाठी केलेला गारठा होता, आणि मी काचेच्या अगदी जवळ उभा होतो. माझा डावा डोळा भरून आला आणि एक थेंब गालावर उतरला.

“अगंबाई, सर! मी घाबरवलं का तुम्हाला? रडताय काय?”

“छे, छे,” पद्मा अभिमानाने म्हणाली. “ते भीतीनं नाही. ते हळवे आहेत फार. कॉलेजात विचारा कुणालाही. ते एक जुन्या पुस्तकातलं नदीकाठच्या संध्याकाळचं वर्णन आहे, ते वाचायला लागले की डोळ्यातनं पाणी येतं बघा. चष्म्याखालनं रुमाल घालून टिपतात. पोरं वाट बघत असतात त्याची. दुसऱ्या वर्गातली येऊन खिडकीत उभी राहतात.”

“खरंच?”

“मला बघायला आले होते ना, तेव्हासुद्धा. मी पोहे घेऊन आले, ह्यांनी वर बघितलं, आणि टपकन् एक थेंब! आमच्या आईनं बाकी काही विचारलं नाही. नोकरी कायम नव्हती, घर भाड्याचं. आई म्हणाली, ज्याच्या डोळ्यात पाणी आहे तो पोरीला मारणार नाही. त्या एका थेंबावर दिली मला.”

तस्लीमबाई ऐकत होत्या. परंतु त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या, माझ्या गालाकडे पाहत होत्या.

“काकू, कुठल्या डोळ्यातनं येतं पाणी?”

“आता आलं की, त्याच्यातनंच. डाव्या.”

“दर वेळेला डाव्याच?”

पद्माने बोटे दुमडायला घेतली. ती मनात मोजत असावी.

“सर,” तस्लीमबाई हळू आवाजात म्हणाल्या, “काकूंना बाहेर बसवू का पाच मिनिटं?”

ही सोय त्यांनी मला अत्यंत सभ्यपणाने देऊ केली होती. मी दाराकडे पाहिले. पद्माच्या मांडीवर माझी शाल, पायजमा घालण्यासाठी मी उतरवलेली पँट आणि ती सहा वाक्यांची प्रत होती. तिन्हींवर तिने दोन्ही हात ठेवले होते.

येथे वाचकांना एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. मी अकरावा प्रश्न पुनरुक्तीसाठी गाळला नव्हता. बारावा, तेरावा आणि पंधरावा पुनरुक्तीसाठी गाळले होते. अकरावा त्यांच्या गर्दीत लपवून गाळला होता. मी आयुष्यात खोटे वाक्य कधी लिहिले नाही, याचा मला अभिमान असे. मी फक्त काही वाक्ये लिहिलीच नव्हती.

“बसू द्या त्यांना,” मी म्हणालो. “त्यांनाच ऐकायचे आहे.”

मग मी बोललो. सन एकोणीसशे बाहत्तर. मी वीस वर्षांचा. बी.ए.च्या पहिल्या वर्षी मी नापास झालो, आणि तो एकाच विषयात: मराठीत. पाच प्रश्न होते. पहिल्याच प्रश्नाचे उत्तर मला इतके मनासारखे साधत होते, की अकरा पाने झाली तरी मी ते घासूनपुसून नीट करीत राहिलो. घंटा झाली तेव्हा उरलेले चार प्रश्न कोरे होते. वडिलांनी माझी ट्रंक उचलून मामाच्या हवाली केली. मामाचा इचलकरंजीत यंत्रमागाचे सुटे भाग करण्याचा कारखाना होता. आठ महिने मी तेथे ग्राइंडरवर उभा राहून लोखंडी दांड्यांच्या कडा घासल्या. त्या कामाची मला कधी लाज वाटली नाही. कामावर का गेलो, त्याची वाटली. एका दुपारी ठिणगी उडाली आणि कण डाव्या डोळ्यात गेला. कारखान्यातली रीत ठरलेली होती. अण्णाप्पा मिस्त्री मोडक्या रेडिओच्या कर्ण्यातले गोल चुंबक खणात ठेवत असत. त्यांनी माझी पापणी उलटी केली, चुंबक डोळ्याशी धरले आणि म्हणाले, “आला बघ. समदा आला असंल.” ‘असंल’ या शब्दावर मी तेव्हाही विचार करायला हवा होता. मामा वडिलांना कळवतील म्हणून मी डॉक्टरकडे गेलो नाही. गार वारा लागला, मान खाली घालून बराच वेळ वाचले, की त्या दिवसापासून त्या डोळ्याला पाणी येई. पुढे मी पास झालो, अध्यापक झालो, आणि पहिल्याच वर्षी ते नदीकाठचे वर्णन वाचताना पुढच्या बाकावरची एक मुलगी शेजारणीला म्हणाली, “सर रडतायत.” मी ती चूक दुरुस्त केली नाही.

जवळजवळ पाव तास मी बोलत होतो. तस्लीमबाईंनी पत्रकावर एकच अक्षर लिहिले: हो.

पद्मा माझ्या शालीची किनार चाचपू लागली.

“म्हंजे माझ्या आईसमोर–”

“खिडकी उघडी होती. वारा होता.”

“आणि आपल्या सुजाताच्या लग्नात? मांडवात?”

“धूर झाला होता.”

“मी एम.ए.ची परीक्षा पास झाले तेव्हा?”

“त्या दिवशी मला आनंद झाला होता,” मी म्हणालो. “परंतु पाणी पंख्यामुळे आले.”

तिने मान हलवली.

“आणि आई गेली तेव्हा?”

त्याचे उत्तर तिनेच दिले, “तेव्हा दोन्ही डोळ्यांतनं आलं होतं. तेवढं एकदाच. मी बघितलं होतं.”

“म्हणजे तुला ठाऊक होते?”

“तीस वर्षं रुमाल मी धुतीय. ग्राइंडरचं नव्हतं माहीत. मला वाटायचं डोळाच मुळात अधू असणार, लग्नाआधी तुमच्या आईनं लपवलं असणार.”

“मग तू लोकांना ती हळवेपणाची कथा का सांगत होतीस? आताच, या बाईंना?”

“लोकांना आवडत होती,” पद्मा म्हणाली. “आणि तुम्हालाही.”

तस्लीमबाई एकदम कागद चाळू लागल्या. “चला, सर. आधी डोळ्यांचा एक्स-रे काढू. तोपर्यंत आत नेत नाही मी तुम्हाला.”

अर्ध्या तासाने केंद्राच्या डॉक्टरांनी काच उजळवून फोटो लावला. माझ्या कवटीच्या करड्या धुक्यात, डाव्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याशी, अर्ध्या राईएवढा एक शुभ्र ठिपका होता. इतका स्पष्ट, की त्याबद्दल वाद घालण्यासारखे मला काहीही सापडेना.

“आज एमआरआय नाही,” डॉक्टर म्हणाले. “आधी हे काढून घ्या. ज्यांनी हा प्रश्न विचारला, त्यांचे आभार माना.”

मी मागे वळलो. तस्लीमबाई पुढच्या माणसाला त्याच्या करदोट्याविषयी विचारत होत्या.

“मारुतीचा आहे, बाई,” तो सांगत होता. “लोखंडाचा नाही.”

“मारुतीचा असू दे. तावीज कशाचाय?”

नेत्रशल्यविशारदांनी आठवडाभरानंतर तो कण वीस मिनिटांत काढला. तो बुबुळात नव्हता. खालच्या पापणीच्या आतल्या बाजूस, अश्रू वाहून जाण्याच्या नळीच्या तोंडाशी रुतून बसला होता, त्यामुळे डोळ्यातील पाणी आत जाण्याऐवजी बाहेर पडत असे. सदतीस वर्षे माझ्या रसिकतेची सगळी व्यवस्था त्या नळीच्या तोंडाशी पाहिली जात होती. डॉक्टरांनी तो कण एका इवल्या बाटलीत घालून दिला. पद्माने ती देवघरात ठेवायला नकार दिला आणि सुयांच्या डबीत ठेवली.

डोळ्यांचा दुसरा फोटो स्वच्छ आला. मग पुन्हा नंबर, पुन्हा ती खोली, पुन्हा तेच अठरा प्रश्न. या वेळी मी पाचव्यासकट सर्वांना एका शब्दात उत्तरे दिली. अकराव्याला म्हणालो, “हो. काढला. कागद जोडला आहे.” तस्लीमबाईंनी तो कागद दोनदा वाचला, फोटो स्वतः पाहिला, आणि मगच दार उघडले. आत यंत्राने खडखडाट सुरू केला तेव्हा मला वाटले होते त्याप्रमाणे भीती वाटली नाही. तो थेट इचलकरंजीच्या मागांचा ताल होता; मी डोळे मिटून तो पंचवीस मिनिटे ऐकला, आणि अण्णाप्पांचा चेहरा कित्येक वर्षांनी स्पष्ट दिसला.

गाठ नव्हती. नसेला सूज होती. औषधाने ती उतरली आणि निम्मे ऐकू येऊ लागले. उरलेल्या निम्म्याची, पद्माच्या मते, मला पूर्वीही गरज नव्हती. अहवाल हाती पडला त्या मिनिटाला ती रस्ता ओलांडून गेली आणि समोरच्या किराणा दुकानातून कागदात बांधलेला पावशेर गूळ घेऊन आली. फुटपाथवर उभ्या उभ्या तिने खडा फोडला, अर्धा मला दिला, अर्धा स्वतः तोंडात टाकला. तिच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी येत होते. मी ते मोजले.

एप्रिलच्या अखेरीस महाविद्यालयात माझा निरोपसमारंभ झाला. जुन्या विद्यार्थ्यांनी आग्रह केला म्हणून मी ते नदीकाठचे वर्णन वाचले. मला वाटते, इतके चांगले ते मी कधीच वाचले नव्हते. प्रत्येक विराम जागच्या जागी पडला. सगळे सभागृह माझ्या डाव्या गालाकडे डोळे लावून बसले होते. गाल कोरडा राहिला. चहाच्या वेळी इतिहासाचे बिरनाळे सर माझा हात हाती घेऊन हळहळत म्हणाले, “मगदूम, आज वाचनात तुमचं मन नव्हतं हो.”

तस्लीमबाईंनी शेवटच्या भेटीत ते पत्रक माझ्या हाती दिले होते. “सर, तुमची भाषा चांगली आहे. सुधारून द्या. पण एक अट: एकही प्रश्न कमी करायचा नाही.” मी ते आठ दिवस टेबलावर ठेवले. समास आखला, पेन भरला, आणि प्रत्येक प्रश्न वाचून पुढे सरकत गेलो. शेवटी परत दिले तेव्हा त्या पत्रकात मी एक स्वल्पविरामही बदललेला नव्हता. फक्त शेवटी एकोणिसावा प्रश्न घातला होता: ‘वरील प्रश्नांपैकी कोणत्या प्रश्नाशी आपला पेन थांबला? तो प्रश्न पुन्हा वाचा.’

या गोष्टीला आता पंधरा वर्षे झाली. गेल्या वर्षी पद्माचा गुडघा दुखू लागला, आणि आम्ही पुन्हा त्याच केंद्रात गेलो. तस्लीमबाई आता तेथे प्रमुख आहेत आणि चष्मा लावतात. पत्रक मात्र तेच होते. शेवटी माझा प्रश्न छापलेला होता. पद्मा बाकावर बसून भरभर खुणा करीत होती: नाही, नाही, नाही. मी शेजारी बसून, एका जुन्या लेखकाला आपले वाक्य छापलेले पाहताना वाटते तसे काहीसे वाटून घेत होतो.

ती एकोणिसाव्या प्रश्नाशी आली. तिने तो वाचला. मग तिचा पेन सावकाश कागदावरून वर वर सरकत गेला, आणि एका जागी थांबला. मी मान वाकवली, तशी तिने त्या ओळीवर तळहात ठेवला.

“अहो,” ती म्हणाली, “तुम्ही जरा बाहेर बसता का?”

मी बाहेर जाऊन बसलो. पाव तासाने ती हसतच बाहेर आली. पाठोपाठ तस्लीमबाईही हसत होत्या. गुडघ्याचा फोटो त्याच दिवशी निघाला, म्हणजे उत्तर निरुपद्रवी असले पाहिजे.

तो प्रश्न कोणता होता, हे मी तिला आजतागायत विचारलेले नाही. तिने मला तीस वर्षे विचारले नव्हते. माझी आता कुठे पहिली वर्षपूर्ती होत आहे.